इथे काही गार होत नाही: वाळवंटी उन्हात घर आणि स्वयंपाकघर चालवताना

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी नऊला केलेली डाळ दुपारी एकला उघडली, तर वर बारीक फेस आणि आंबूस वास. संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलत नसशील ना? ओट्यावर गार होऊ दे आणि मग ठेव."

"आई, इथे ओट्यावर काही गार होतच नाही."

तिला ते पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर मलाही लागला होता. स्वयंपाकघरात पारा ४२ वर असेल तर पातेलं दिवसभर ठेवलं तरी ४२ च्या खाली उतरणार नाही. अन्न नासवणारे आणि पोट बिघडवणारे बरेचसे जिवाणू नेमके ३५ ते ४३ अंशांच्या आसपासच जोमाने वाढतात. म्हणजे मी डाळ गार करत नव्हते, उबवत होते.

वाळवंटी हवेत उष्णता आणि कोरडेपणा हातात हात घालून येतात, त्यामुळे आपण त्यांना एकच समजतो. पण दोघांचे स्वभाव निराळे. उष्णता सरळसरळ आपल्या विरुद्ध असते. कोरडेपणा मात्र, नीट वापरला तर, बराचसा आपल्या बाजूने असतो. माठातलं पाणी तो गार करतो, भाजी दिवसात वाळवतो, आणि आभाळ कोरडं नि निरभ्र असल्यामुळेच रात्री पारा पंधरा-वीस अंशांनी खाली येतो. तोच कोरडेपणा कणकेवर दहा मिनिटांत साल आणतो आणि अंगातलं पाणी न कळत ओढून घेतो. पुढचं सगळं याच एका फरकावर उभं आहे.

एक मर्यादा मात्र आधीच सांगते. समुद्रकाठच्या वाळवंटात हवा गरम आणि दमट असते. तिथे माठ, कूलर, ओला पडदा यातलं काही धड चालत नाही. ४२ अंशांच्या हवेत आर्द्रता १० टक्के असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा साधारण २० अंशांपर्यंत उतरवता येते. तीच आर्द्रता ५० टक्के असेल तर ३२-३३ च्या खाली उतरत नाही. म्हणून आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र भिंतीवर लावा. तापमापकाइतकंच ते कामाचं आहे.

आधी घड्याळ बदला

सकाळी सातला उठून नऊला स्वयंपाक ही सवय पहिल्या आठवड्यात सोडा. दिवसातली सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आधीची. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात शिरा आणि साडेसातपर्यंत आच बंद करा. दुपारचं जेवण तेव्हाच तयार होतं. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून लगेच कामाला लागू नका. भिंतींनी दिवसभर साठवलेली धग बाहेर पडायला दोन-तीन तास लागतात, आणि आठ वाजता स्वयंपाकघर दुपारइतकंच तापलेलं असू शकतं. रात्रीचं जेवण हलकं, कमी आचेचं, आणि उशिरा.

मधली झोप हा आळस नाही. पहाटे साडेचारला उठणाऱ्याला दुपारी एक ते चार पडून राहायलाच हवं, मुलांनाही. ऊन मी म्हणत असताना कुठलंही काम निघालं तरी ते संध्याकाळवर ढकलायचं, हे घरात एकदा ठरवून टाका, म्हणजे रोज वाद होत नाहीत.

खिडक्यांचंही घड्याळ असतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या उघडा, सकाळी बाहेरचा पारा आतल्याइतका झाला की सगळ्या लावून घ्या. घरात आणि बाहेर एकेक तापमापक ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. पडदा काचेच्या आत लावण्यापेक्षा काचेच्या बाहेर चटई किंवा जाड कापड टांगा. ऊन काचेतून आत आलं की धग आतच राहते, मग पडदा ओढून फारसं काही साधत नाही.

कूलर वापरत असाल तर समोरची एक खिडकी थोडी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात खोली दमट होते आणि त्याचा गारवा संपतो. "कूलर बिघडलाय" अशी तक्रार ऐकली की मी आधी खिडकी बघते.

पाणी: नळ उघडण्याची वेळ आणि गीझरची उलटी चाल

टाकी गच्चीवर असेल तर दुपारी थंड पाण्याच्या नळातून येणारं पाणी हाताला चटका देतं. त्यात भाजी धुतली तर पालेभाजी अर्धी शिजूनच निघते. शेजारच्या आजींनी मला यावर जो उपाय सांगितला, तो आधी थट्टाच वाटला. त्या म्हणाल्या, "गीझर बंद कर आणि गरम पाण्याचा नळ सोड."

कारण साधं आहे. साठवणीचा गीझर घरात, सावलीत असतो आणि त्याच्या भोवती उष्णतारोधक थर असतो. बटण बंद ठेवलं की तो गच्चीवरच्या टाकीपेक्षा कितीतरी गार पाण्याची छोटी टाकी होतो. उन्हाळाभर गरम नळातून आंघोळीचं पाणी घ्या, थंड नळाला हात लावू नका. मात्र साठा नसलेल्या झटपट गीझरला हे लागू नाही. दुसरी काळजी अशी, की कोमट पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर त्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांना २५ ते ४५ अंशांची ऊब फार मानवते. म्हणून रोजच्या वापराने पाणी बदलत राहू द्या. घर काही दिवस बंद असेल तर परतल्यावर गीझर पूर्ण तापवून, म्हणजे ६० अंशांच्या वर नेऊन, ते पाणी सोडून द्या. पिण्या-रांधण्याला हे पाणी नको.

स्वयंपाकाचं पाणी पहाटे पाचच्या सुमारास भरा, कारण टाकीतलं पाणी तेव्हाच सगळ्यात गार असतं. मी दोन मोठी झाकणाची भांडी भरते: एक रांधायला, एक फक्त गार करायला. दुसऱ्याचं काम पुढे येईल.

माठ नवा असेल तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं पाणी टाकून द्या. तो उन्हात नको, पण कोंदट कोपऱ्यातही नको. सावली आणि वारा दोन्ही हवं, कारण पाझरलेलं पाणी उडालं तरच माठ गार होतो. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. महिनाभरात माठाच्या अंगावर पांढरी खार चढते, ती क्षारांची असते आणि मातीची छिद्रं बुजवते. काथ्याने, साबणाशिवाय घासा. हौसेने बाहेरून रंगवलेला माठ पाझरत नाही, म्हणून गारही करत नाही. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचं, ग्लास बुडवायचा नाही.

आच कमी, शिजणं तेवढंच

गॅसच्या ज्योतीतली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्यात जातच नाही, ती स्वयंपाकघरात पसरते. इंडक्शनवर हे नुकसान फार कमी असतं. बाकी काही नाही जमलं तरी इंडक्शनची एक शेगडी घ्या. वाळवंटी घरात मला हा खर्च कूलरपेक्षा आधीचा वाटतो. प्रेशर कुकर आहेच. त्यात पाणी साधारण १२० अंशांवर उकळतं, त्यामुळे डाळ-कडधान्याचा वेळ एक तृतीयांशावर येतो. कुकरची वाफ खिडकीच्या दिशेने सुटेल असा ठेवा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती मात्र आच बंद करून शिजवण्याची. करायचं असं:

१. डाळ किंवा तांदूळ भिजवून घ्या. भांडं जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं, आणि किमान तीन-चतुर्थांश भरलेलं हवं. अर्धं रिकामं भांडं धग धरत नाही.

२. खळखळून उकळी आणा. तांदळाला तीन मिनिटं, डाळीला दहा मिनिटं उकळू द्या.

३. आधीच तयार ठेवलेल्या खोक्यात किंवा टोपलीत भांडं ठेवा. खाली, वर, सगळीकडून चार बोटं जाडीचा थर हवा. जुनी गोधडी, कापूस, भुसा, लोकर काहीही चालतं, फक्त कोरडं हवं.

४. तांदूळ तासाभराने, डाळ दोन-तीन तासांनी काढा. मध्ये उघडून बघायचा मोह टाळा.

५. उघडल्यावर भांडं सणसणीत गरम, ६० अंशांच्या वर, नसेल तर पुन्हा उकळी द्या आणि मगच वाढा.

राजम्यासारख्या घेवड्याला हे सरळ लावू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते मंद आचेवर मरत नाही, उलट ८० अंशांच्या आसपास शिजवल्यावर आणखी तीव्र होतं. तो किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा. किमान दहा मिनिटं सांगतात, मी अर्धा तास उकळते. मग हवा तर गोधडीत ठेवा.

सूर्यचूल ही इथली हक्काची गोष्ट, तरीही थोड्याच घरांत दिसते. काचेच्या झाकणाची पेटी उन्हात ठेवून त्यात फळं शिजवण्याचा प्रयोग स्विस शास्त्रज्ञ ऑरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये केला होता. आजची पेटीही त्याच तत्त्वावर चालते. काळ्या रंगाची, झाकणाची भांडी वापरा, काचेवरची धूळ रोज पुसा, आणि पेटी सूर्याकडे तासातासाने वळवा. दहाला लावलेली डाळ एकला तयार. फोडणी मात्र आधी घरात करून घ्यावी लागते.

शिजल्यानंतरचा पहिला तास

या लेखातलं एकच काही वाचायचं असेल तर एवढं वाचा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहणं धोक्याचं. सर्वसाधारण हवेत त्याला दोन तासांची मुदत देतात. हवा ३२ अंशांच्या वर गेली की मुदत एक तास. वाळवंटी घरात उन्हाळ्याचे महिने हा एक तासच खरा.

अन्नाला दोनच जागा आहेत: सणसणीत गरम किंवा फ्रीजमध्ये. लगेच खायचं नसलेलं अन्न गार करायची माझी पद्धत अशी. शिजल्याबरोबर भात परातीत दोन बोटांपेक्षा जाड होणार नाही असा पसरते. डाळ, रस्सा एका मोठ्या पातेल्यातून दोन-तीन पसरट भांड्यांत काढते. मोठ्या परातीत पहाटे भरून ठेवलेलं ते "फक्त गार करायचं" पाणी ओतते, त्यात बर्फ केलेल्या दोन बाटल्या आडव्या टाकते आणि भांडी त्यात ठेवते. पाणी निम्म्या उंचीपर्यंत यायला हवं. स्वच्छ पळीने दर दोन मिनिटांनी ढवळते. वीस-पंचवीस मिनिटांत हाताला कोमट लागेल इतकं होतं. मग झाकण किंचित तिरकं ठेवून फ्रीजमध्ये, आणि पुरतं गार झालं की झाकण घट्ट.

कोमट भांडं फ्रीजमध्ये गेल्याने फ्रीजला थोडं जास्त काम पडतं, एवढंच. ते ओट्यावर तास-दोन तास ठेवण्यापेक्षा परवडतं. माझ्या आईला हे अजून रुचलेलं नाही.

भाताबद्दल वेगळं सांगायला हवं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते शिजण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि जे विष तयार करतात त्यातलं एक पुन्हा गरम करूनही जात नाही. "परत वाफ दिली की झालं" हे भाताला लागू नाही. दुपारभर बाहेर राहिलेला भात वास येत नसला तरी टाकायचा. जिवाला लागतं, मला माहीत आहे. म्हणून मी तांदूळ मोजूनच घेते.

फ्रीजकडेही वळून बघा. आतल्या बाजूच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. दुसरीकडून आणलेला 'एन' फ्रीज इथे रात्रंदिवस घरघरतो आणि तरी आत ५ अंश गाठत नाही. नवा घेताना 'टी' बघून घ्या. जुनाच असेल तर तो शेगडीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी महिन्यातून एकदा धूळ काढून साफ करा, आणि दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर रबर गेलंय. आत पाच अंशांच्या वर जातंय का हे बघायला साधा तापमापक ठेवा, आकड्यांच्या बटणावर विश्वास ठेवू नका. वीज गेली तर दार उघडायचं नाही. बंद फ्रीज एरवी चार तास तग धरतो, या उन्हात त्याहून कमीच धरा.

मुलांच्या डब्यालाही तोच नियम. एकतर उकळत्या पाण्याने आधी गरम केलेल्या थर्मासमध्ये वाफाळतं अन्न, नाहीतर फ्रीजमधला गार डबा आणि त्याला टेकून गोठवलेली पाण्याची बाटली. मधल्या सुट्टीपर्यंत बाटली वितळते, मुलाला गार पाणीही मिळतं. सकाळी भरलेला कोमट डबा सगळ्यात वाईट.

कणीक, आंबवण, दही

कोरड्या हवेत पीठही कोरडं होतं आणि जास्त पाणी पितं. नेहमीच्या मापाने मळलेली कणीक पाच मिनिटांनी घट्ट झाली तर तुमचं काही चुकलेलं नाही. पाणी फ्रीजमधलं घ्या, कणीक एरवीपेक्षा सैल मळा, आणि मळून झाल्याबरोबर ओल्या, पिळलेल्या फडक्याखाली झाका. फडक्याच्या वर ताट पालथं. गोळे करून ठेवू नका. एकेक तोडा आणि लाटा, नाहीतर गोळ्याच्या सालीचे तुकडे पोळीत चिकटून येतात आणि पोळी तिथेच फाटते. पोळ्या तव्यावरून थेट कापडात आणि डब्यात. ताटात उघडी ठेवलेली पोळी वाढेपर्यंत पापड होते.

आंबवायच्या पिठाला रात्रभर हा शब्दच विसरा. मी पहिल्यांदा रात्री दहाला पीठ झाकून निजले. पहाटे साडेचारला दिवा लावला तर ओट्यावरून पीठ ओघळून खालच्या कपाटाच्या दारावर वाळलं होतं, आणि पातेल्यात उरलेलं इतकं आंबट की घशाला झोंबलं. आता पहाटे उठल्यावर वाटून ठेवते आणि तीन तासांनंतर दर अर्ध्या तासाने डोकावते. दुप्पट झालं की लगेच फ्रीजमध्ये. मीठ आधीच घालते, त्याने वेग थोडा आवरतो. यीस्टचं पीठ असेल तर यीस्ट निम्मं घ्या आणि पाणी थंड.

दह्याला मात्र ही हवा म्हणजे आयतीच ऊब. दही लावणाऱ्या जिवाणूंना ४० ते ४५ अंश हवे असतात. विरजण नेहमीच्या निम्मं, दूध अगदी कोमट, आणि तीन-चार तासांत दही लागतं. लागलं की त्याच क्षणी फ्रीजमध्ये. भांडं हलवून बघत बसलात तर पाणी सुटेल.

वाळवण आणि दोन माठांचा भाजीसाठा

इथे उन्हाळ्यात भाजी वाळवणं ही मजाच आहे. पालेभाजी उन्हात ठेवली तर रंग आणि वास दोन्ही जातात. ती सावलीत, वाऱ्यावर, मलमलीच्या दोन पदरांमध्ये वाळवा, दीड दिवसात कुरकुरीत होते. फळभाज्या पातळ चकत्या करून मीठ लावून उन्हात. वाकवल्यावर मोडली म्हणजे झाली, नुसती वाकली तर अजून पाणी आहे. बरणीत तीन-चतुर्थांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेच्या आतून दव दिसलं तर पुन्हा वाळवा. उन्हातून काढल्या काढल्या गरम असताना बरणी बंद करू नका, तेच दव मग बुरशी आणतं.

ताजी भाजी ठेवायला मात्र उलटी युक्ती लागते. एक मोठं आणि एक लहान, दोन्ही बिनझिलईची मातीची भांडी घ्या. मोठ्याच्या तळाला भोक असेल तर बुजवा आणि वाळू घाला. त्यावर लहान भांडं अशा उंचीवर ठेवा की दोन्हींचे काठ सारखे येतील. मधली सगळी फट वाळूने भरा आणि वाळू पुरती भिजेपर्यंत पाणी ओता. आत भाजी, वर ओलं जाड फडकं. सावलीत, वारा लागेल अशा तिवईवर ठेवून सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवा. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात ही जुनी कल्पना खेड्यापाड्यांत पोचवली आणि त्यासाठी त्यांना २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. टोमॅटो, वांगी, गाजरं, मिरच्या यात कित्येक दिवस टवटवीत राहतात. दूध, मांस, शिजलेलं अन्न यात ठेवू नका. भांडं वीसेक अंशांपर्यंत येतं, पाचपर्यंत नाही.

तेल, दाणे, सुकामेवा उष्णतेने खवट होतात, म्हणून दाणे फ्रीजमध्ये आणि तेल लहान बाटलीत घ्या. पीठ आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तर किड्यांची अंडी मरतात. मसाले शेगडीच्या वरच्या फळीवर दिसायला छान दिसतात, पण तिथे महिन्यात त्यांचा भुसा होतो.

घरातली माणसं

कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही. तो त्वचेवर येतो आणि उडतो. "मला घामच येत नाही इथे," असं पाहुणा म्हणाला की त्याच्या शर्टाकडे बघा, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे असतात. तहान लागण्याची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहायचं. खूण सोपी आहे: लघवी फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद म्हणजे पाणी कमी पडतंय. पण एका तासात दीड लिटरहून जास्त पाणी ढोसायचंही नाही, रक्तातलं सोडियम घसरतं. जेवणात नेहमीचं मीठ असेल तर रोज वेगळं मीठ-पाणी लागत नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट. ते हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. इथे अंदाजपंचे चालत नाही, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला या उन्हातही वरचं पाणी नको. आईचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी आईने प्यायचं. म्हाताऱ्या माणसांची तहानेची जाणीवच मंदावते. त्यांना "पाणी हवंय का?" विचारलं तर उत्तर नेहमी "नको" येतं. विचारू नका, पेला हातात द्या.

शरीर या हवेला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं. नव्याने आलेल्यांना तेवढे दिवस जड कामाला लावू नका. आणि पंख्याबद्दल एक: त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा भट्टीची हवा अंगावर मारतो. तेव्हा अंगावर पाणी शिंपडा, ओला पंचा घ्या, मग पंखा लावा.

कोणी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर तो उष्माघात धरा. आधी सावली, कपडे सैल, अंगभर पाणी आणि जोरात वारा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

उन्हात उभ्या गाडीत मूल दोन मिनिटंही नको. आतलं तापमान तासाभरात बाहेरपेक्षा साधारण २२ अंशांनी वाढतं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

वादळाची दहा मिनिटं

क्षितिजावर तांबूस भिंत उभी राहिली की हाताशी फार वेळ नसतो. क्रम ठरलेला असू द्या: आधी कूलर बंद, नाहीतर तोच सगळी धूळ आत ओढतो. मग वाळवण आत. मग खिडक्या, आणि खालच्या फटींत ओले पंचे. सूर्यचूल पालथी. उघडी भांडी झाकून. वादळ गेल्यावर झाडू नका, धूळ पुन्हा उडते आणि छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. माठावरचं फडकं धुऊन मगच झाकण उघडा.

रात्री दहाची फेरी

झोपण्याआधी पंधरा मिनिटं लागतात. कडधान्य भिजवायचं, तेही फ्रीजमध्ये, बाहेर ठेवलं तर पहाटेपर्यंत त्याला वास येतो. रिकाम्या झालेल्या बाटल्या भरून फ्रीझरमध्ये आडव्या ठेवायच्या, तोंडाशी तीन बोटं जागा सोडून. दोन माठांमधली वाळू भिजवायची. बाहेरचा तापमापक बघून खिडक्या उघडायच्या. गच्चीवर झोपणाऱ्यांनी अंथरूण झटकून घालायचं आणि सकाळी चपला झटकून घालायच्या. विंचू जांभळ्या अतिनील टॉर्चच्या उजेडात हिरवट चमकतो, म्हणून एक टॉर्च उशाशी असतो. मुलांना तो आता खेळ झालाय, रोज रात्री गच्चीचे चारही कोपरे तेच तपासतात.